आधी घराचा हप्ता, मग बाकीचे: कर्ज डोईजड झालेल्यांसाठी

कर्जात अडकलेल्या माणसाचा पैसा सहसा ज्याचे फोन जास्त येतात त्याच्याकडे आधी जातो. क्रेडिट कार्डवाला दिवसातून आठ वेळा फोन करतो, ॲपवाला धमकावतो, म्हणून पगार झाला की पहिले पैसे त्यांना. गृहकर्जाची बँक दोन-तीन महिने फारसा आवाज करत नाही. एखादा एसएमएस, एखादं पत्र. आणि घर घेऊन जाण्याचा थेट अधिकार असतो तो नेमका याच शांत बँकेकडे. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: कोण किती ओरडतो यावर नाही, तर कोण काय घेऊन जाऊ शकतो यावर पैसे कुणाला आधी द्यायचे ते ठरवायचं.

सगळी देणी एका कागदावर

वही घ्या. मोबाइलमध्ये नको, कारण हा कागद घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवायचा आहे. प्रत्येक कर्जासमोर सहा गोष्टी लिहा: कुणाचं, बाकी किती, व्याज किती टक्के, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला, तारण काय, जामीनदार कोण. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि खरी मेख तिथेच असते.

काय काय घेतलंय हेच आठवत नसेल (ॲपची कर्जं घेणाऱ्यांचं असं हमखास होतं) तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात जे दिसणार नाही ते हाताने लिहा: मेहुण्याकडून घेतलेले, सावकाराचे, सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स, उचललेली भिशी. भिशी आधीच उचलली असेल तर पुढचे सगळे हप्ते म्हणजे कर्जच. ते बचतीत धरू नका.

समजा, पिंपरीतलं एक कुटुंब. हातात येणारा पगार ६८,००० रुपये. घराचा हप्ता २६,५००, पर्सनल लोन ११,०००, कार्डावर १,८०,००० बाकी आणि त्याची किमान रक्कम ९,०००, पतसंस्था ६,५००, दोन ॲप मिळून ७,०००. झाले ६०,०००. उरले ८,०००, आणि किराणा, शाळा, वीज, गॅस, औषधं, सोसायटी मिळून खर्च २४,०००. दर महिन्याला १६,००० कमी पडतात आणि ते पुन्हा कार्डावर किंवा नव्या ॲपवर जातात. या घरात कुणी उधळ्या नाही. गणितच जुळत नाही, आणि चहा-सिनेमा बंद करून ते जुळणारही नाही.

आता कार्डाचा रकाना जवळून बघा. दरमहा साडेतीन टक्क्यांनी १,८०,००० वर व्याज ६,३००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,१३४. किमान रकमेचे ९,००० भरल्यावर मुद्दल कमी होतं जेमतेम दीड हजाराने. आणि त्याच महिन्यात त्याच कार्डावर किराणा घेतला तर तेवढंही नाही.

कोणाला आधी

सर्वात वर घराचा हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स. मेंटेनन्सचं नाव इथे बघून आश्चर्य वाटेल, पण थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, आणि सहकार कायद्याखाली वसुलीचा दाखला घेऊन थेट फ्लॅटपर्यंत पोहोचू शकते.

त्यानंतर घर चालवायचा खर्च. त्यानंतर जिथे दुसऱ्याची मान अडकली आहे ती कर्जं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार असतात. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की संस्था तुमच्याइतकीच त्यांच्याही मागे लागते, पगारातून कपात होऊ शकते. त्या दाखल्याला आव्हान द्यायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, तेव्हा प्रकरण तिथवर जाऊ न देता संस्थेच्या मॅनेजरला भेटून हप्ते पाडून घेणं शहाणपणाचं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात.

सर्वात खाली कार्ड, पर्सनल लोन, ॲप. ही विनातारण कर्जं. याचा अर्थ ती बुडवा असा नाही. पण यांतल्या कुणालाही तुमच्या घराला हात लावायचा तर आधी दिवाणी दावा, मग हुकूमनामा, मग त्याची अंमलबजावणी, असा लांबचा रस्ता चालावा लागतो. हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. मात्र चेक दिला असेल किंवा ईसीएस-नॅचचा (खात्यातून आपोआप कापला जाणारा) हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला असेल तर फौजदारी तक्रार होऊ शकते (चेकसाठी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८). म्हणून नवा चेक कुणालाही लिहून देऊ नका, आणि कोर्टाचं समन्स आलं तर तारखेला हजर राहाच. गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, आणि ‘कर्जापायी पोलीस आले’ अशा ज्या गोष्टी ऐकू येतात त्यांतल्या बऱ्याच इथूनच सुरू झालेल्या असतात.

पगाराचं खातं हलवा

हे काम पहिल्याच आठवड्यात करा. ज्या बँकेचं कार्ड किंवा पर्सनल लोन थकलंय तिथेच पगार जमा होत असेल, तर बँक थकबाकी परस्पर वळती करून घेऊ शकते किंवा खात्यातली रक्कम अडवून ठेवू शकते. महिनाअखेरीस पगार येतो आणि एक तारखेला घराच्या हप्त्याला पैसेच नसतात. ज्या बँकेचं एकही देणं नाही तिथे खातं उघडा, ऑफिसात पगाराचं खातं बदलून घ्या, आणि घराच्या हप्त्याचं मॅन्डेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) त्याच खात्यावर आणा. मालक बदलू देत नसेल तर पगार झाल्या दिवशीच पैसे हलवायची सवय लावा.

गृहकर्जाच्या शाखेत, हप्ता चुकायच्या आधी

बँकेच्या लेखी हप्ता थकल्यापासूनचे पहिले ३० दिवस वेगळे, ६० पर्यंत वेगळे, ९० पर्यंत वेगळे, आणि ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते नियमित होत नाही. मागची सगळी थकबाकी पूर्ण भरावी लागते. त्यामुळे ‘दोन महिने जाऊ दे, मग बघू’ हा सर्वात महाग पडणारा विचार.

शाखेत जाताना अर्ज लिहून न्या. नोकरी गेली, पगार कापला, आजारपण आलं, जे असेल ते दोन ओळींत, सोबत पुरावा, आणि नेमकी मागणी: मुदत वाढवून हप्ता कमी करा. २५ लाख बाकी, साडेआठ टक्के व्याज आणि १३ वर्षं उरली असतील तर हप्ता साधारण २६,५०० बसतो. मुदत २० वर्षं केली तर तो २१,७०० च्या आसपास येतो. महिन्याला ४,८०० सुटतात. किंमतही ऐका: शेवटपर्यंत तसंच फेडलं तर एकूण साडेदहा लाखांहून जास्त रक्कम जादा भरावी लागेल. तरीही घर वाचवायचं असेल तर मी हा सौदा घ्यायला सांगेन. पुढे हात मोकळा झाला की हप्ता वाढवता येतो, आणि बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही. अडचणीमुळे मुदत वाढवली की क्रेडिट रिपोर्टवर ‘पुनर्रचित’ अशी नोंद होऊ शकते. घर जाण्यापेक्षा ती नोंद परवडली.

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. काउंटरवरचा माणूस ‘साहेब बघतील, ठेवून जा’ म्हणाला तर आवक शिक्का मारून मागा, नाही म्हणाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. पुढे वाद झाला तर तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही. दंडाची रक्कमही एकदा तपासा. २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर बँकेला दंडव्याज लावता येत नाही. फक्त दंडशुल्क लावता येतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

सोनं, टॉप-अप आणि ‘सगळी कर्जं एकात’

घरात सोनं असेल आणि कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांपुढे जात असेल तर बँकेत सोनं तारण ठेवून कार्ड एकदाच मिटवणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं. वरच्या कुटुंबाला १२ टक्क्यांनी सोनेतारण मिळालं तर १,८०,००० वर महिन्याचं व्याज १,८००. कार्डाचे ९,००० बंद. घराचा हप्ता कमी झालेला. आता बेरीज करा: घर २१,७००, खर्च २४,०००, पतसंस्था ६,५००, पर्सनल लोन ११,०००, सोन्याचं व्याज १,८००, म्हणजे ६५,०००. ॲपसाठी उरतात ३,००० आणि लागतात ७,०००. १६,००० ची तूट ४,००० वर आली. तेवढी एसआयपी थांबवून, रविवारचं जादा काम घेऊन, दुसरी गाडी विकून काही महिने भरून काढता येते. ॲपची कर्जं लहान मुदतीची असतात, तोवर ती संपतात. आणि कार्ड मिटवलं त्याच दिवशी ते लेखी बंद करा. नाहीतर वर्षभरात सोनंही बँकेत आणि कार्डही भरलेलं, हे फार जणांचं होतं. सोनेतारणाला मुदत असते हेही लक्षात ठेवा. नुसतं व्याज भरत राहिलात आणि मुदत संपली तर दागिने लिलावात जातात, तेव्हा मुद्दलाकडे दर महिन्याला थोडं तरी जाऊ द्या.

गृहकर्जावर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घेऊन सगळं फेडण्याचा सल्ला मात्र मला सरसकट पटत नाही. व्याज कमी होतं, खरं आहे. पण ज्या कर्जापायी घराला थेट धोका नव्हता, ते कर्ज तुम्ही आपल्या हाताने घरावर चढवता. पगार पक्का आहे, कार्ड खरंच बंद केलं आहे, आणि वाढलेला हप्ता धरूनही घरखर्च निघतो, या तिन्ही गोष्टी असतील तरच.

भविष्य निर्वाह निधीतली रक्कम कोणताही सावकार किंवा बँक जप्त करू शकत नाही. कार्डवाल्याच्या धाकाने ती काढून त्याला देणं म्हणजे कायद्याने झाकलेला पैसा स्वतः उघडा करणं.

फोन, एजंट, ॲप आणि सावकार

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास, चारचौघांत अपमान, हे सगळं मना आहे. दारात आलेल्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. रोख पैसे त्याच्या हातात देऊ नका. आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही.

कॉन्टॅक्ट लिस्ट उचलून फोटो पाठवण्याच्या धमक्या देणारी ॲप बहुतेक वेळा कुठल्याही नोंदणीकृत वित्तसंस्थेची नसतात. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० वर फोन करा, सायबर पोलिसांत तक्रार द्या. आणि नातेवाइकांना तुम्ही स्वतःच आधी सांगून टाका: असा मेसेज येईल, लक्ष देऊ नका. धमकीतलं निम्मं बळ तिथेच जातं.

सावकाराबद्दल. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ पासून लागू आहे. महिन्याला दहा टक्क्यांनी पैसे फिरवणारा आणि जागेचं खरेदीखत किंवा कोरे चेक घेऊन ठेवणारा माणूस या कायद्याप्रमाणे बेकायदा सावकार आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. अवैध सावकारीत लिहून घेतलेली मालमत्ता परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात.

इन्स्टाग्रामवर ‘कर्जमुक्त व्हा’ म्हणत फी मागणाऱ्या कंपन्यांपासून लांब राहा. त्यांची पद्धत एकच: सगळे हप्ते थांबवा, आमची फी भरा, आम्ही बँकेशी बोलू. हप्ते थांबवायच्या यादीत गृहकर्जही असलं तर काय होतं ते पुढे वाचा.

नोटीस आली तर

एनपीए झाल्यावर बँक सरफेसी कायद्याच्या (२००२) कलम १३(२) ची नोटीस पाठवते. पोस्टाने येते, खाली ‘अधिकृत अधिकारी’ म्हणून सही, एका तारखेची एकूण येणे रक्कम, आणि शेवटी तुमच्या फ्लॅटचा नंबर, मजला, चतुःसीमा. स्वतःच्या घराचं असं वर्णन वाचून अनेकांचे हातपाय गळतात आणि पुढचा लिफाफा ते घेतच नाहीत. तसं करू नका. घ्यायला नकार दिलेली नोटीसही बजावली गेली असंच धरतात, फक्त त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला कळत नाही.

नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस तुमच्या हातात असतात. या काळात लेखी हरकत द्या: रक्कम चुकीची, भरलेले हप्ते धरले नाहीत, पुनर्रचनेचा अर्ज पडून आहे, जे खरं असेल ते. बँकेने १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यायचं असतं. तोपर्यंत जमतील तेवढे पैसे गृहकर्जाच्या खात्यात भरत राहा आणि पावत्या जपा. एनपीए त्याने उठत नाही, पण तडजोडीला बसताना त्याचं वजन असतं.

६० दिवस सरले की कलम १३(४) चा ताबा. बहुधा तो आधी कागदोपत्री असतो: दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. इथून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ खाली अर्ज करता येतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती न्यायाधिकरणं आहेत. हे काम वकिलाशिवाय करू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. कर्जात पत्नी सहकर्जदार असेल तर याचा उपयोग होतो. प्रत्यक्ष कुलूप लावायला बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणते. त्यानंतर लिलावाची जाहिरात. ती छापून येण्याच्या आधीच पूर्ण येणं भरून घर सोडवून घेता येतं. जाहिरात आल्यानंतर तो हक्क उरत नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

घर ठेवायचं की विकायचं

सगळं करूनही घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून पगारात बसत नसेल, तर नोटीस यायची वाट न बघता घर स्वतः विका. लिलावात किंमत पडलेली असते, कारण विकत घेणाऱ्याला ताब्याची खात्री नसते. स्वतः विकताना बँकेकडून कर्ज फेडीची रक्कम लिहून घ्या. खरेदीदाराची बँक तेवढी रक्कम थेट तुमच्या बँकेला देते आणि वरचे पैसे तुमच्या हातात येतात.

मधला एक मार्ग आहे, आणि तो लोकांना कमीपणाचा वाटतो: स्वतःचं घर भाड्याने देऊन दोन-तीन वर्षं लांबच्या, लहान जागेत राहायचं. आकुर्डीतला फ्लॅट भाड्याने देऊन देहूरोडकडे जायचं. दोन भाड्यांतला फरक हप्त्याला लागतो. बँकेची लेखी परवानगी आणि नोंदणीकृत लिव्ह ॲण्ड लायसन्स करार या दोन्ही गोष्टी हव्यात. मुलांची शाळा तीच राहणार असेल तर रिक्षा-बसचा खर्च धरूनच फरक काढा.

हे ठरवायला घरातली मोठी माणसं एकत्र बसली पाहिजेत. कर्ज लपवणारा माणूस एकटाच रात्री जागा असतो आणि सकाळी पुन्हा नवं ॲप उघडतो. मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर बोला. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मिटवताना घ्यायचे कागद

कार्ड किंवा पर्सनल लोन एकरकमी तडजोडीत मिटवायचं तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र: रक्कम, शेवटची तारीख, आणि ही भरल्यावर काहीही येणं उरणार नाही असं स्पष्ट वाक्य. एजंटाचा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे पत्र नव्हे. पैसे कर्जखात्यातच भरा. तडजोडीने मिटलेलं कर्ज रिपोर्टवर ‘सेटल्ड’ दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि पुढची काही वर्षं नवं कर्ज अवघड जातं. न्यायालयात प्रकरण असेल तर लोकअदालतीत मिटवा. तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही, दोन्ही बाजू बांधल्या जातात.

आणि घराचं कर्ज फिटलं, किंवा घर विकून फेडलं, की ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची जबाबदारी बँकेची. उशीर झाला आणि चूक बँकेची असली तर रोज ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. करारनामा, इंडेक्स दोन, शेअर सर्टिफिकेट, बिल्डरच्या पावत्या, एकेक कागद यादीशी ताडून मगच सही करा. सोसायटीच्या दप्तरात बँकेच्या बोजाची नोंद असेल तर ना-देय दाखल्याची प्रत देऊन ती उठवून घ्या.